भुसावळ ते भक्तपूर: कागद, धुकं आणि शंभराच्या नोटा

मार्गशीर्ष लागला की सारंगखेड्याला घोडे उतरायला लागतात आणि आमच्या घरी दत्तजयंतीचं बोलणं निघतं. २०२४ मध्ये दत्तजयंती १४ डिसेंबरला, शनिवारी आली होती. त्या वर्षी तापीकाठचा एकमुखी दत्त सोडून नेपाळातल्या भक्तपूरचा दत्त बघायचा, असं ठरलं. भक्तपूर काठमांडूच्या पूर्वेला १३ किलोमीटरवर आहे. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये कढईसारखं खोरं आणि त्यात हे विटांचं जुनं शहर. उंची साधारण १४०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराएवढीच. विरळ हवेची भीती घालणारे नातेवाईक भेटतील, त्यांना हा आकडा सांगा.

खान्देशातून नेपाळला जाणारे बहुतेक लोक टूरच्या बसने जातात. पशुपतिनाथ, मनकामना, पोखरा, जमलं तर मुक्तिनाथ, सगळं सहा दिवसांत आणि त्यातले चार बसमध्ये. आम्हाला एकाच गावात चार रात्री राहायचं होतं. तसं स्वतः आखायला बसलं की माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळते. आम्ही गोळा केलेले तुकडे इथे क्रमाने जोडून ठेवतेय.

सुरुवात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कागदपत्रांपासून केली. तिकिटाच्या आधी कागद, हा क्रम उलटा करू नका. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण विमानात बसायचं तर पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक मूळ प्रत लागते. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स यांवर प्रौढ माणसाचं काम होत नाही. ही अट देशाबाहेर जाणाऱ्या विमानापुरतीच असेल असं आम्ही धरून चाललो होतो. पण नेपाळच्या आत, सीमेजवळच्या भैरहव्याहून काठमांडूला उडायचं असलं तरी काउंटरवर हेच कागद मागतात, कारण भारतीयांचं भाडं वेगळं असतं आणि तुम्ही भारतीय आहात हे दाखवावं लागतं.

आम्ही चौघं होतो आणि चौघांचे कागद चार तऱ्हेचे. नवऱ्याकडे पासपोर्ट होता, तिथे प्रश्न नव्हता. सासूबाई ६८ वर्षांच्या. ६५ वर्षांवरच्या आणि १५ वर्षांखालच्या लोकांना सूट आहे, त्यांचं फोटो असलेलं दुसरं सरकारी ओळखपत्र चालतं. या वयोगटांसाठी आधारही. मुलगी १६ वर्षांची, अकरावीत. १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी शाळेच्या किंवा कॉलेजच्या प्राचार्यांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेला ओळख दाखला चालतो. साधा बोनाफाईड आणि हा दाखला एक नव्हे. या दाखल्यावर फोटो चिकटवून त्यावर अर्धा शिक्का हवा. कॉलेजच्या क्लार्कने आधी बोनाफाईडच हातात ठेवला होता. नमुन्याची प्रिंट सोबत नेली तेव्हा दुसऱ्या दिवशी काम झालं. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की प्राचार्य सापडत नाहीत, त्यामुळे हे काम सगळ्यांत आधी करावं.

उरले मी. माझ्या मतदार कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. नाव बदलायचा अर्ज म्हणजे फॉर्म ८. तो १० ऑक्टोबरला ऑनलाइन भरला. १५ तारखेला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि अर्ज तिथेच थांबला. मतदान २० नोव्हेंबरला, मोजणी २३ ला. कार्यालयात जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, “ताई, निवडणूक होऊ द्या, मग बघू.” त्यांचंही बरोबर होतं. सामान्य पासपोर्टची फी १५०० रुपये आणि तत्काळचे वरून २०००, तोही विचार झाला. मग साधा मार्ग सुचला: ज्या नावाचं कार्ड, त्या नावाचं विमान तिकीट. रेल्वेचं तिकीट आधारवरच्या नावाने आणि नेपाळातलं विमान माहेरच्या नावाने. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवला. पुढे एका काउंटरवर तो खरंच काढावा लागला.

आता तारखा. नेपाळात पावसाळ्यात रस्त्याने जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे. जुलै २०२४ मध्ये नारायणगढ-मुगलिंग रस्त्यावर दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. सप्टेंबरअखेर काठमांडू खोऱ्यात मोठा पूर आला. मार्च-एप्रिलमध्ये रस्ता बरा असतो, पण जंगलातल्या वणव्यांच्या धुराने डोंगर दिसत नाहीत. शिवाय होळीनंतर गोरखपूरहून मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. भुसावळच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, छठ आणि होळीच्या दिवसांत आपल्या प्लॅटफॉर्मवर ते दिसतंच. डिसेंबर त्यातल्या त्यात मोकळा, आकाश स्वच्छ, गर्दी उतरलेली. त्याचं दुखणं एकच, उत्तर प्रदेशातलं आणि तराईतलं, म्हणजे सीमेलगतच्या नेपाळच्या सपाट पट्ट्यातलं, धुकं. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

तारखेचा आणखी एक फायदा आम्हाला उशिरा कळला. आपली मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या मूळच्या नेवार लोकांची ‘योमरी पुन्ही’. योमरी म्हणजे सारण भरून वाफवलेला तांदळाच्या पिठाचा गोड पदार्थ, पुन्ही म्हणजे पौर्णिमा. नवं भात घरात आल्यावरचा सण, त्या वर्षी १५ डिसेंबरला, म्हणजे दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी. दोन्ही एका मुक्कामात बसत होते.

भुसावळहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत. कुशीनगर एक्सप्रेस लखनौवरून जाते, काशी एक्सप्रेस वाराणसीवरून. कुशीनगर भुसावळला पहाटे येते आणि वेळेवर चालली तर दुसऱ्या दिवशी सकाळी गोरखपूर गाठते. आम्ही १२ ऑक्टोबरला बुकिंग केलं तेव्हा १२० दिवस आधी तिकीट काढता येत होतं. १ नोव्हेंबरपासून ती मुदत ६० दिवसांवर आली. भुसावळ मधलं स्टेशन असल्याने इथल्या वाट्याला जागा कमी येतात. भुसावळपासून वेटिंग दाखवत असेल तर कल्याणपासून पाहा. तिथून कन्फर्म मिळालं तर थोडे पैसे जास्त देऊन तिकीट कल्याणपासून काढायचं आणि बोर्डिंग भुसावळ टाकायचं. बोर्डिंग बदललं नाही तर कल्याणला कोणी चढलं नाही म्हणून तुमची जागा दुसऱ्याला जाऊ शकते. थर्ड एसीचं भाडं एका माणसाला पावणेदोन हजारांच्या आसपास पडलं. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे सासूबाईंचंही पूर्ण तिकीट.

गोरखपूर ते सीमेवरची सोनौली शंभरेक किलोमीटर. सोनौली ओलांडली की बेलहिया आणि चार किलोमीटरवर भैरहवा. तिथून काठमांडूला बस किंवा विमान. बसला नऊ-दहा तास सांगतात, त्यात दोन मिळवून धरा. बुटवल ते नारायणगढ रस्ता रुंद करायचं काम चालू होतं आणि काठमांडूत शिरताना नागढुंगाच्या घाटात ट्रकांची रांग लागायचीच. विमान पस्तीस-चाळीस मिनिटांचं, भाडं बसच्या चौपट-पाचपट. आम्ही जाताना विमान आणि येताना दिवसाची बस धरली. सासूबाईंना ताजंतवानं पोहोचवायचं होतं; परतीला थकून आल्या तरी पुढे घरच होतं. बुकिंग करताना राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘भारतीय’च निवडा. नेपाळी निवडलं तर भाडं कमी दिसतं, पण काउंटरवर फरक भरावा लागतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे डिसेंबरात तराईतलं सकाळचं विमान घेऊ नका. भैरहव्याला धुकं दहा-अकरापर्यंत हटत नाही. पहिली विमानं उशिरा सुटतात, कधी रद्द होतात. दुपारचं घ्या आणि रेल्वे पोहोचण्याच्या दिवशीच विमान ठेवू नका, मध्ये एक रात्र सोडा. ही एक रात्र वाचवायच्या नादात आम्ही पहिला आराखडा चुकीचा केला होता. ११ ला सकाळी गोरखपूर आणि त्याच दुपारी विमान. कागदावर पाच तास शिल्लक दिसत होते. सासूबाईंनी तो कागद पाहून विचारलं, “गाडी लेट झायी तं आते कसं व्हई?” आम्ही विमान १२ तारखेवर ढकललं.

पैशांचं प्रकरण वेगळंच. नेपाळी रुपयाचा भाव १९९३ पासून ठरलेला आहे, १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी. डोक्यातल्या हिशेबासाठी हजार नेपाळी म्हणजे आपले सव्वासहाशे, एवढं पाठ ठेवलं की पुरतं. आम्ही गेलो तेव्हा नेपाळात शंभरपेक्षा मोठी भारतीय नोट चालत नव्हती, जवळ बाळगायलाही मनाई. म्हणून निघण्याच्या आठवड्यात बँकेतून शंभराची चार बंडलं घेतली, ४० हजार. त्यासाठी तीन चकरा झाल्या, कारण एका शाखेत एका वेळी एवढ्या शंभराच्या नोटा निघत नाहीत. आधी सांगून ठेवलं तर मिळतात. असे नियम बदलत असतात, निघण्याच्या आठवड्यात चालू नियम पाहून घ्या. गोरखपूरच्या टॅक्सीसाठी पाचशेच्या नोटा वेगळ्या ठेवल्या आणि त्या सीमेआधीच संपवल्या. मार्च २०२४ पासून नेपाळात आपलं यूपीआय क्यूआरवर चालतं, फक्त ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करावे लागतात. ते भारतात असतानाच करा, तिथे नेट नसताना सुचत नाही. भक्तपूरच्या मोठ्या दुकानांत चाललं. दह्याच्या टपरीवर आणि बसमध्ये रोखच द्यावी लागली.

दर विचारताना एक शब्दजोडी शिकून ठेवा, ‘आईसी’ आणि ‘एनसी’. आईसी म्हणजे भारतीय चलन, एनसी म्हणजे नेपाळी. सीमेजवळ कुणी ‘पाचशे’ म्हणाला की लगेच “आईसी की एनसी?” विचारायचं. बसल्यावर विचारलं तर उत्तर नेहमी आईसी येतं.

मंगळवार, १० डिसेंबर. पहाटे भुसावळहून निघालो. डब्यात दशम्या, लसणाची चटणी, तळलेल्या मिरच्या. दोन वेळचं जेवण सुटलं. झाशीपर्यंत गाडी वेळेवर होती. कानपूरनंतर खिडकीबाहेर दुधासारखं पांढरं झालं आणि गाडी सायकलच्या वेगाने चालायला लागली. गोरखपूरला साडेचार तास उशिरा, दुपारी बाराला उतरलो. जुना आराखडा ठेवला असता तर विमान गेलंच होतं.

गोरखपूरहून सोनौलीला सरकारी बस मिळते. स्वस्तात जायचं तर नौतनव्यापर्यंत रेल्वेही आहे, तिथून सोनौली सात-आठ किलोमीटर. आम्ही सामान आणि वय बघून टॅक्सी केली, २५०० रुपये. तीन तास लागले. सोनौलीच्या आधी ट्रकांची लांब रांग लागते, टॅक्सी तिथे अडकली तर उतरून सायकलरिक्षा करा. सीमा म्हणजे एक कमान आणि तिच्याखालून चालत जाणारी माणसं. भारतीयांच्या पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. आपल्या बाजूला जवानांनी कार्डं पाहिली, पलीकडे बॅग उघडून दाखवायला लावली आणि दोन्ही मिळून वीस मिनिटांत आम्ही नेपाळात होतो. स्वतःची गाडी नेणाऱ्यांना मात्र इथे ‘भन्सार’, म्हणजे जकातीचा परवाना, दिवसांच्या हिशेबाने काढावा लागतो. तिथे एक कुटुंब दोन तासांपासून उभं होतं. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. मोबाईल आपोआप करतो, हातातलं घड्याळ करत नाही आणि बस-विमानाच्या वेळेला तीच पंधरा मिनिटं नडतात.

१२ तारखेला भैरहव्यात सकाळी नऊला समोरचं दुकान दिसत नव्हतं. साडेअकराला ऊन आलं, दीडचं विमान अडीचला सुटलं. खिडकी जातानाची डावी मागा, हिमशिखरांची रांग त्या बाजूला असते. माझा दाखला इथेच लागला. काउंटरवरच्या बाईने माझं कार्ड आणि माझ्या मुलीच्या कागदावरचं आईचं नाव जुळवून पाहिलं, मग विवाहाचा दाखला पाहिला आणि बोर्डिंग पास दिला.

काठमांडूचा विमानतळ शहराच्या पूर्वेला आहे आणि भक्तपूरही पूर्वेलाच. त्यामुळे काठमांडूच्या गर्दीत न शिरता थेट जाता येतं. टॅक्सी १४०० एनसी, पाऊण तास. बसने काठमांडूला येणारे पश्चिमेला कलंकीत उतरतात, त्यांना अख्खं शहर ओलांडावं लागतं.

जुन्या भक्तपुरात शिरायला तिकीट आहे. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांसह सार्क देशांतल्या लोकांना ५०० एनसी होतं, इतर परदेशी पाहुण्यांना १८००. ओळखपत्र दाखवा, नाहीतर दर चुकतो. तिकीट घेतानाच किती दिवस राहणार ते सांगून मागे तारखा लिहून घ्या, म्हणजे रोज बाहेर-आत करताना पुन्हा पैसे पडत नाहीत. टॅक्सी दरवाजापाशी थांबते, पुढे विटांच्या गल्ल्या. चाकांची बॅग त्या विटांवर खडखडते आणि एखादं चाक तिथेच राहतं. खांद्यावरची बॅग न्या. आमचं एक चाक तौमढी चौकात गेलं.

गेस्टहाउस जुन्या वस्तीतच घ्यावं. दिवसा फिरून काठमांडूला परत जाणाऱ्यांना अर्धंच भक्तपूर दिसतं. दुपारी चार-पाचला टूरच्या बस निघून जातात आणि मग चौक गावाचे होतात. दोन खोल्यांचे रोज ५००० एनसी पडले. खोल्यांत हीटर नसतो. डिसेंबरातल्या रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो आणि विटांच्या भिंती ती थंडी धरून ठेवतात. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणारा खान्देशी माणूस इथे रजईतून नाक बाहेर काढत नाही. अंघोळीचं पाणी सोलरवर तापतं, म्हणून ते दुपारी तीन ते सहामध्ये गरम असतं, सकाळी नाही. पहाटेची अंघोळ करून दर्शनाला जायचा सासूबाईंचा नेम पहिल्याच दिवशी मोडला.

पहाटे चार-साडेचारपासून घंटा सुरू होतात. झोप मोडते, पण तेव्हा उठून बाहेर पडा. बायका पितळी तबकात फुलं, अक्षता, सिंदूर घेऊन एका देवळाकडून दुसऱ्याकडे जातात, वाटेतल्या प्रत्येक दगडाला चिमूटभर काहीतरी वाहतात. आपल्याकडच्या वेशीवरच्या म्हसोबासारखे हे दगड, फक्त दर वीस पावलांवर.

तौमढी चौकात न्यातपोल आहे, पाच छपरांचं देऊळ, १७०२ मध्ये राजा भूपतींद्र मल्लाने बांधलेलं. जोतीही पाच. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना खालून वर मल्ल, हत्ती, सिंह, मग गिधाडाच्या चोचीचे शार्दूल आणि सगळ्यांत वर बाघिनी-सिंहिनी देवता. खालचे मल्ल साध्या माणसाच्या दहापट बळाचे आणि पुढचा प्रत्येक थर आधीच्याच्या दहापट, असा हिशेब सांगतात. देवी सिद्धिलक्ष्मी, पण गाभारा सर्वांसाठी उघडत नाही, तेव्हा दर्शनाची वाट बघत बसू नका. १९३४ आणि २०१५ चे दोन्ही भूकंप या देवळाने झेलले. २५ एप्रिल २०१५ ला थोड्या अंतरावरच्या दरबार चौकातलं दगडी वत्सला मंदिर मात्र कोसळलं, ते नंतर पुन्हा उभारलं. दरबारातल्या तलेजू देवीच्या चौकात फक्त हिंदूंना सोडतात आणि फोटोला बंदी आहे. दारावरचा शिपाई विचारतो, तेव्हा मोबाईल खिशात ठेवून सरळ उत्तर द्यायचं.

आमचा दत्त पूर्वेच्या टोकाला, टचपाल चौकात. पंधराव्या शतकातलं, यक्ष मल्लाच्या काळातलं देऊळ. एकाच झाडाच्या लाकडातून बांधलं, असं गावात सांगतात. दारापुढे तेच दोन मल्ल, जयमल आणि फत्ता, त्यांच्या पुढे खांबांवर शंख आणि चक्र आणि एका उंच खांबावर हात जोडून बसलेला गरुड. आपल्या डोळ्यांना चार कुत्री आणि गाय शोधायची सवय असते, इथे समोर गरुड पाहून सासूबाई थोडा वेळ गोंधळल्या. दत्तजयंतीच्या संध्याकाळी आपल्यासारखा पाळणा किंवा कीर्तन आम्हाला दिसलं नाही. नेहमीची पूजा, तेलाचे दिवे आणि लाकडी जोत्यावर गप्पा मारत बसलेले म्हातारे. त्यांच्यातच बसून सासूबाईंनी मनातल्या मनात पाळणा म्हटला. एका आजोबांनी सरकून त्यांना उन्हात तापलेली जागा दिली होती, ती अंधार पडेपर्यंत गरम होती. देवळाशेजारी पुजारी मठ आहे, त्याच्या बाजूच्या अरुंद बोळात लाकडी मोराची खिडकी. ती समोरून बघायला मागे सरकता येत नाही, कारण पाठीला लगेच दुसरी भिंत लागते. सकाळी लवकर गेलात तर निदान सेल्फीवाल्यांची रांग नसते.

दुसऱ्या दिवशीची योमरी हा या सगळ्या फेरीतला सर्वांत खोल जाणारा भाग ठरला. आदल्या रात्री गेस्टहाउसच्या दिदीला विचारून ठेवलं होतं, त्यामुळे सकाळी स्वयंपाकघरात जागा मिळाली. नव्या तांदळाचं पीठ, त्यात कढत पाणी थोडं थोडं घालून आधी लाकडी डावाने, मग हाताने मळायचं. उकड आपल्यासारखी गॅसवर काढत नाहीत. पीठ कानाच्या पाळीएवढं मऊ झालं की ओल्या कापडाखाली ठेवायचं. सारणाला चाकू, म्हणजे उसाचा आटवून घट्ट केलेला गूळ, आणि भाजून कुटलेले तीळ. करताना तर्जनीला तेल लावायचं, पिठाच्या लांबट गोळ्यात ती घालायची आणि दुसऱ्या हाताने गोळा फिरवत फिरवत बोटावर चढवायचा. बोट काढलं की निमुळत्या शेपटीची पिशवी तयार. सारण भरून तोंड चिमटीने बंद करायचं, वर दोन कान ठेवायचे आणि पंधरा मिनिटं वाफवायचं. चुका दोनच होतात. पीठ थंड झालं की शेपटीजवळ भेग पडते. चाकू पातळ राहिला तर वाफेत तो बाहेर येतो आणि सगळ्या योमऱ्या एकमेकींना चिकटतात. आपल्या घरी मोदक तळणीचे, उकडीचे कधीमधी. पण खापरावरचे मांडे हातावर वाढवणाऱ्या बाईला बोटावर पीठ चढवणं अवघड नव्हतं. सासूबाईंची तिसरी योमरी दिदीने देवापुढच्या ताटात ठेवली. माझ्या सगळ्या फुटल्या.

शाकाहारी मंडळींनी खाताना चौकशी करावी. नेवार स्वयंपाकात म्हशीचं मांस सर्रास असतं. पाटीवर ‘बफ’ लिहिलेलं म्हणजे तेच. “मासु नखाने” एवढं आधी सांगा. उडदाची ‘बारा’ म्हणजे जाडसर धिरडं. ती साधी मिळते, पण वर अंडं किंवा खिमा घालायची पद्धत आहे, म्हणून “सादा” म्हणायचं. ‘जुजु धौ’ हे मातीच्या भांड्यातलं म्हशीच्या दुधाचं दही चुकवू नका. माती पाणी शोषते म्हणून ते सुरीने कापावं असं घट्ट होतं. घरी आणायचा विचार सोडा, बुटवलच्या आधीच आंबतं.

एक सकाळ चांगुनारायणाला द्या. भक्तपूरपासून सहाएक किलोमीटरवर टेकडीवर आहे, तिथे राजा मानदेवाचा इ.स. ४६४ चा शिलालेख आहे. पशुपतिनाथाला जाणार असाल तर चामड्याचा पट्टा आणि पाकीट खोलीवरच ठेवा, आत चालत नाही. काठमांडूजवळचं जुनं शहर पाटण अर्ध्या दिवसात होतं, तिथलं तिकीट तेव्हा २५० एनसी. नगरकोटचा सूर्योदय आम्ही सोडला. पहाटे चारला सासूबाईंना त्या थंडीत उठवायची हिंमत कुणाची नव्हती. जुन्या वाटणाऱ्या मूर्ती घेऊ नका. शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे आणि नवी मूर्ती जुनी दिसत असेल तर पुरातत्त्व विभागाचा कागद मागतात. आम्ही लाकडी मोराची हातभर खिडकी घेतली आणि बिल बॅगेत वरच ठेवलं.

१६ तारखेला पहाटे पाचला निघून कलंकीहून सातची बस धरली. नारायणगढपर्यंत रस्ता सुंदर, खाली त्रिशूली. तिथून बुटवलपर्यंत धूळ. मास्क बॅगेत ठेवून बॅग टपावर टाकायची चूक करू नका. पोहोचायला पावणेबारा तास लागले. १७ ला सकाळी लुंबिनी पाहिली, भैरहव्यापासून ती पंचवीसेक किलोमीटरवर आहे. अशोकस्तंभापाशी अर्धा तास बसलो, दुपारी सीमा ओलांडली आणि गोरखपूरहून संध्याकाळची गाडी पकडली. १८ ला रात्री भुसावळ.

चौघांचा सगळा खर्च ७२ हजारांच्या आसपास आला, खरेदी सोडून. त्यात रेल्वे १४ हजार, एका बाजूचं विमान जवळपास तेवढंच, राहणं साडेबारा हजार, जेवणखाण १४ हजार, बाकी टॅक्सी, बस, तिकिटं आणि भैरहव्याच्या दोन रात्री. दोन्ही बाजूंनी बस केली असती तर १० हजार वाचले असते. उरलेले नेपाळी रुपये सोनौलीलाच बदला, भुसावळला ते कुणी घेत नाही. आमचे ३४० एनसी अजून डब्यात पडून आहेत.

२१ डिसेंबरला मोबाईलवर संदेश आला: फॉर्म ८ मंजूर. नवं कार्ड जानेवारीत पोस्टाने आलं. त्यावर सासरचं नाव बरोबर आहे, पत्त्यात गल्लीचा नंबर चुकलाय.